मागं कुणी बसत नाही

दोन दारांच्या गाडीत शिरणं सोपं असतं. अंग सोडून द्यायचं, सीट कुठंतरी खाली सापडतेच. बाहेर यायचं असतं तेव्हा कळतं. एक पाय रस्त्यावर, एक हात दाराच्या कडेला, दुसरा स्टिअरिंगला, आणि तोंडातून 'आई गं'. हे मी आठवड्यातून कितीदा तरी करतो, आणि गाडी दरवेळी दुसऱ्याची असते.

माझा धंदाच तो आहे. कुणाला जुनी पण भारीतली गाडी घ्यायची असली की तो मला बोलावतो. मी घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस. विकणाऱ्याचं सगळं कौतुक ऐकून घ्यायचं, मग खाली वाकायचं, बॉनेट उघडायचं, रंगाची जाडी मोजायची, गाडी रस्त्यावर फिरवायची आणि शेवटी सांगायचं, घ्या किंवा घेऊ नका. आधी मी ठोकलेल्या गाड्या विमा कंपनीसाठी बघायचो. तिथं लोक रडत यायचे. इथं हसत येतात, आणि खरं सांगायचं तर हसत येणारे जास्त दमवतात. हसत आलेल्या माणसाला गाडी कशी आहे ते ऐकायचंच नसतं. बोहल्यावर उभ्या राहिलेल्या नवऱ्याला कुणी मुलगी कशी वाटते म्हणून विचारतं का? तसंच हे. त्याला फक्त 'घ्या' ऐकायचं असतं, आणि ते ऐकवायला मी कशाला लागतो कोण जाणे.

"दुसऱ्यांच्या गाड्यांत बसून स्वतःची कंबर मोडून घेता," असं आमची ही म्हणते, आणि म्हणता म्हणता मलमही चोळून देते. आमच्या घरी स्कूटर आहे. मला गाड्यांची हौस कधीच नव्हती, आणि जी काय थोडी होती ती लोकांच्या हौशी बघून गेली.

तर अशाच एका उन्हाळ्यात मला वाशीच्या मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. कांदा-बटाट्याचा गाळा, मूळ साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्याला. मी त्यांना शेठ म्हणायचो, कारण मार्केटमध्ये सगळेच त्यांना शेठ म्हणतात.

"साहेब, दोन गाड्या बगून ठेवल्यात तुर्भ्याला. कंपनी एकच, मॉडेल एकच. एकीला टप हाय, एकीचा टप उघडतो. कुठली घिऊ तेवढं सांगा."

"सांगतो," मी म्हणालो. "पण येताना एकटे या. फार तर वहिनींना आणा." हा माझा नियम आहे. माणसं जास्त झाली की गाडी बाजूला राहते आणि लग्नाची बैठक सुरू होते.

"व्हय व्हय," शेठ म्हणाले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांच्याकडं गाडी घ्यायला एकटं जायचं असतं ही कल्पनाच नाही. घरातून कुणीही बाहेर निघालं की चपला घालता घालता सगळ्यांना हाक मारायची, "येताय का कुणी?" आणि कुणी ना कुणी येतंच. ही हाक मारली नाही तर तो अपमान होतो, आणि हाकेला कुणीच ओ दिली नाही तर तोही अपमानच. हे मला नंतर शेठकडूनच कळलं.

मी आधी पोचलो होतो. शोरूमच्या दाराशी त्यांची ती सात सीटांची मोठी गाडी येऊन थांबली. पुढून शेठ उतरले आणि त्यांच्या शेजारून त्यांचा धाकटा भाऊ. मग मधलं दार उघडलं. मधल्या सीटवर शेठची आई होती, पाठीला उशी, पाय सीटवर लांब केलेले. भावानं त्यांना हाताला धरून उतरवलं. त्यानंतर भावाची दोन पोरं उड्या मारत उतरली. आणि सगळ्यात शेवटी, मधली सीट दुमडल्यावर, अगदी मागच्या रांगेतून वहिनी आल्या. हातात पाण्याची बाटली, डब्याची पिशवी, पोरांच्या चपला. वाकून, डोकं सांभाळत, आधी पिशवी बाहेर ठेवून मग स्वतः. त्या रांगेत सामान ठेवतात हो, माणसं नाही. पण त्यांच्या उतरण्यात काही तक्रार दिसली नाही, सराव दिसला.

गाडीत कोण कुठं बसतं ते बघायची मला खोड आहे. धंद्यानं लागलेली. घरात गेल्यावर जे महिनाभर कळणार नाही ते गाडीच्या दाराशी उभं राहिलं की कळतं.

दोन्ही गाड्या आतल्या बाजूला शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक कूपे, म्हणजे पक्क्या टपाची, गर्द निळी. दुसरी कन्व्हर्टिबल, पांढरी, वर मरून रंगाचं कापडी छप्पर. ब्लेझर घातलेली एक मुलगी इंग्रजीतून सुरू झाली. शेठ मान हलवत होते. मी तिला म्हटलं, बाई, चाव्या दे आणि जरा पंखा लाव.

आधी कूपे बघितली. गाडी चांगली होती, उगाच नाव कशाला ठेवा. रंग मूळचा, खालून कुठं ठोकर नाही, डिकी बऱ्यापैकी. दार मात्र हातभर लांब. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये उभी केली तर ते अर्धंच उघडणार, आणि अर्ध्या दारातून पोट आत ओढून बाहेर यावं लागणार. शेठना मी हे सांगितलं. ते पोटावर हात ठेवून हसले. हसणार नाहीत तर काय करतील.

मग कन्व्हर्टिबल. या गाडीचं दुखणं नेहमी छपरात असतं. खाडीजवळची हवा, त्यात वर्षभराची दमट, कापडाला बुरशी धरते. कावळे काय करतात ते सांगायला नको. छपराच्या कडेनं पाणी जायला बारीक वाटा असतात, त्यात पानं अडकली की पाणी आत येऊन सीटखाली साचतं, आणि मालकाला वास आल्यावरच पत्ता लागतो. मी रबर उचलून आतली वाळकी पानं काढली आणि बाटलीभर पाणी ओतलं. चाकाजवळून धार लागली तेव्हा बरं वाटलं. टप उघडला की तो मागं जाऊन डिकीत बसतो, म्हणजे डिकीत मग फार तर एक छत्री. आणि गाडीला डोक्यावर हाडच नसल्यामुळे खराब रस्त्यावर अंगातून एक बारीक थरथर जाते. तीही मी शेठना सांगणार होतो.

तपासणीला मी आणि शेठ दोघंच गेलो, टप उघडा टाकून, पाम बीच रोडवर. सकाळची वेळ, ऊन अजून सोसवत होतं. शेठ चाळीसच्या पुढं जाईनात.

"जरा दाबा की," मी म्हणालो.

"र्‍हाऊ द्या. हे बरं वाटतंय."

मग ते समोर बघतच बोलले. "साहेब, पयल्यांदा असली गाडी बगितली तवा माझ्या पाठीवर बटाट्याची गोनी हुती. मार्केटच्या गेटवर थांबली हुती. आत एक मानूस आन एक बाई. बाई त्याच्याकडं बगून कायतरी बोलत हुती. मागं कुनी न्हवतं."

मी समोरचे काटे आणि दिवे बघत राहिलो.

"आमी कवा बोललोच न्हाई तसं. गाडीत तर न्हाईच. ती मागनं बोलते, मला आयकू येत न्हाई. मी म्हनतो, काय? मग धाकला सांगतो, वैनी म्हनत्यात पोराला लागलीय." ते जरा हसले. "माजं वय झालं. एकदा दोघांनी जायचंय. वाशीपासनं बेलापूरपातूर, बास. लांब न्हाई."

"मग जा की. मोठ्या गाडीतून जा," मी म्हणालो. मला अशा गोष्टी सकाळी सकाळी ऐकवत नाहीत.

"त्यात सात जागा हायत साहेब. सात जागा आसल्या की इचारावं लागतं."

परत आल्यावर ते भावाशी बोलायला गेले आणि मी पाणी प्यायला कूलरपाशी उभा राहिलो. तिथं वहिनी आल्या. पेला विसळून त्यांनी मला भरून दिला, जसं काही शोरूम त्यांचंच होतं.

"भाऊ, एक सांगू का? रागवू नका."

"बोला वहिनी."

"मागं कुनी बसत न्हाई, आसं सांगा."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी एकदा मागं वळून बघितलं. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, पोरं त्यांच्या पिशवीतून काहीतरी खात होती.

"टप आसूदे, नसूदे, मला त्यातलं काय कळत न्हाई. ह्यांना काय घ्यायचं ते घिऊंद्यात. फकस्त मागं मानूस बसत न्हाई, आसं तुमी तुमच्या तोंडानं सांगा. तुमचं आयकत्यात समदी. लगीन झाल्यापासनं मी ह्यांच्या शेजारी गाडीत बसली न्हाई. पयल्या वर्षी टेंपो हुता, तवा बसली आसंन. मग पोरं झाली, मग दीर, मग..." त्यांनी पेला जागेवर ठेवला. "लई मागत न्हाई. दोनच जागा आसल्या तर कुनाला इचारावं लागनार न्हाई. कुनाला वाईटबी वाटनार न्हाई."

काय सांगू, माझ्या आयुष्यात इतका सोपा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. या असल्या गाड्यांची मागची सीट म्हणजे कंपनीनं कागदावर चार जागा दाखवायला ठेवलेली असते. तिथं बॅग ठेवतात. पाय घालायला जागाच नसते.

"वहिनी, निर्धास्त राहा. मला खोटं बोलायची गरजच नाही," मी म्हणालो. "तिथं माणूस बसतच नाही. आत्ता तुमच्यासमोर दाखवतो."

ही माझी हुशारी. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

मी सगळ्यांना कूपेजवळ बोलावलं. धाकट्या भावाला म्हटलं, बसून दाखवा मागं. तो पुढची सीट वाकवून आत गेला, गुडघे छातीला लागले, डोकं काचेला. पोरं खिदळली. "न्हाई बा," म्हणत तो बाहेर आला. मी वहिनींकडं बघितलं. त्या पदराशी चाळा करत होत्या, पण चेहरा उजळला होता.

"मग आईला मागं कसं बसवायचं?" धाकटा म्हणाला. "आई बसनार न्हाई ती गाडी काय कामाची?"

तेवढ्यात म्हातारी उठली. "बगू, मी बसते."

"अहो आजी, नाही जमणार. वाकावं लागतं," मी म्हणालो.

"गप रं. जल्मभर वाकलीच हाय मी."

आणि त्या गेल्या. काटकुळी बाई, मूठभर वजन. एका हातानं सीट धरली, पोटऱ्या आत घेतल्या, आणि त्या अरुंद सीटवर सरळ मांडी घातली. पाय खाली सोडायचे असतात हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. गुडघ्यांचा प्रश्नच मिटला. पाठ टेकली, पदर नीट केला, आणि देवळाच्या ओट्यावर बसावं तशा आमच्याकडं बघायला लागल्या.

"बसाय येतंय की मला," त्या म्हणाल्या.

गाडी बनवणाऱ्यांनी सगळ्या जगाची मापं घेतली असतील, पण मांडी घालणारी म्हातारी त्यांच्या हिशेबात नव्हती. माझ्याही नव्हती. मग त्या उतरून पांढऱ्या गाडीत गेल्या. टप उघडाच होता, तिथं तर आणखी सोपं. तिथंही मांडी. "हितं तर वारंबी येतंय," म्हणाल्या.

शेठ हसत होते, पण ते हसू कसनुसं होतं. वहिनींनी पोरांच्या चपला उचलल्या आणि त्या पायरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. राग म्हणा हवं तर. त्या मांडीचा राग आला, माझ्या शहाणपणाचा आला, आणि कंबर तर सकाळपासून ठणकतच होती.

मी निकाल तोंडी देतो. मोबाइलवर पाठवलेलं कुणी वाचत नाही. गाडीशेजारी उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. खोटं मी या कामात बोलत नाही, तेवढी एकच गोष्ट माझ्याकडं विकण्यासारखी आहे. म्हणून मी खरं काय आहे ते शोधलं, आणि ते सापडलं.

"गाड्या दोन्ही चांगल्या आहेत," मी म्हणालो. "निळी घेतलीत तर त्रास कमी. पांढरी घेतलीत तर छपराचं कौतुक करावं लागेल, सावलीत ठेवावी लागेल, पण तुम्हाला जे पाहिजे ते तिच्यात आहे. आता मागच्या सीटचं सांगतो, नीट ऐका. बसता येतं, ते आजींनी दाखवलं. पण मानेला आधार तोकडा आहे. जोरात ब्रेक लागला तर मान सांभाळणार नाही. निळीत डोक्यावर काच, एसी मागं पोचत नाही. पांढरीत ऊन आणि वारा, सगळा झोत मागंच येतो. वयस्कर माणसाला मागं बसवू नका. मी जबाबदारीनं सांगतोय."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पायरीपाशी वहिनींनी पिशवी खाली ठेवली, आणि मला त्यांचा श्वास सुटलेला दिसला.

"मग ऱ्हायलं," म्हातारी म्हणाली. "मी न्हाई बसत. तुमी फिरा."

ती रागानं म्हणाली नव्हती, साधंच म्हणाली होती. पण शेठनी आईकडं बघितलं, आणि मग बराच वेळ ते पांढऱ्या गाडीच्या चाकाकडं बघत राहिले. ते मी पाहिलं होतं. पण पुढं मला सानपाड्याला आणखी एक गाडी बघायची होती, ऊन चढलं होतं, आणि माझं काम झालं होतं.

त्यांनी पांढरी घेतली. पूजेच्या दिवशी शेठनी मला फोन करून विचारलं, की आईला छपरावर स्वस्तिक काढायचंय, चालेल ना? मी म्हटलं, कापडावर कुंकू गेलं तर जन्मात निघणार नाही, बॉनेटवर काढा, आणि चाकाखाली लिंबं ठेवा हवी तेवढी. वहिनींचं काही विचारावं असं मनात आलं होतं. पण परक्याच्या बायकोबद्दल काय विचारणार? दोघं कधीतरी निघाले असतील, बेलापूरपर्यंत जाऊन आले असतील, असं मी आपलं धरून चाललो. घरी हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आयुष्यात एक तरी बरं काम केलंत." मलाही तसंच वाटत होतं. दमलेल्या माणसाला असलं एखादं काम पुरतं.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी आम्ही दोघं करावे गावातून मासळी घेऊन येत होतो. ही मागं बसलेली, मांडीवर बोंबलांची पिशवी, एक हात माझ्या खांद्यावर. एकेक वाटा केवढ्याला पडला यावर तिचं चाललं होतं, आणि मी हूं हूं करत होतो. पाम बीच रोडच्या सिग्नलला थांबलो तर शेजारी ती पांढरी गाडी. टप उघडा.

शेठ गाडीवर होते. शेजारी पुढच्या सीटवर त्यांची आई, कानाला मफलर बांधून, मांडी घालून. मांडीला जागा व्हावी म्हणून त्यांची सीट जितकी मागं जाते तितकी मागं सारली होती. आणि त्या सीटच्या पाठीमागं जी बोटभर जागा उरली होती तिथं वहिनी होत्या, अंग तिरकं करून, गुडघे एका बाजूला घेऊन. मांडीवर उशी, उशीवर डब्याची पिशवी. केस सुटून तोंडावर आले होते आणि ते बाजूला करायला हात मोकळा नव्हता.

"साहेब," शेठनी मला ओळखलं. चेहऱ्यावर आनंद होता, आणि आनंदाच्या खाली काय होतं ते मला माहीत होतं. "तुमी म्हनला तसंच करतोय बगा. आईला मागं बसवत न्हाई. फुडंच बसवतो."

"लई ग्वाड वारं लागतंय," आजी म्हणाल्या. "तुमचं भलं हुईल."

आईला मागं बसवू नका म्हटल्यावर आई घरी राहील, एवढंच माझ्या डोक्यात आलं होतं. त्या घरात आईला घरी ठेवून कुणी निघत नाही. मग ती पुढं येते, आणि तिची उशी, तिचं पाणी, तिची गोळी सांभाळायला कुणीतरी मागं लागतं.

"वहिनी," मी म्हणालो, "नीट बसता येतं ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या माझ्या खांद्यावरच्या हिच्या हाताकडं बघत होत्या. मग मागं कुणीतरी हॉर्न मारला, सिग्नल सुटला होता. शेठनी गियर टाकला तेव्हा त्या म्हणाल्या,

"बसाय येतंय की, भाऊ."